ज्याचा रेडिओ त्याच्या घरी

१४ नोव्हेंबर, रात्र

आज दुसरा वेचा घरी आला. सीतादईच्या, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेच्या, वेळचा कापूस थोडाच होता, तो ओसरीच्या कोपऱ्यात मावला. आता माजघराची एक पूर्ण भिंत कमरेपर्यंत पांढरी झाली आहे आणि शेतात अजून बोंडं फुटतच आहेत. भाव बघून विकायचा म्हटलं तर हा ढीग संक्रांतीपर्यंत तरी हलत नाही. राळेगावच्या या पट्ट्यात बहुतेक घरांत हेच असतं. या दिवसांत माणसं कापसाच्या कडेकडेनं झोपतात, आणि कापूस जुना होत गेला की लेकरांच्या अंगाला खाज सुटते.

त्याच भिंतीला माझे रेडिओ होते.

सकाळी माय दारात उभी राहून म्हणाली, "बाबू, हे सारे डब्बे कुठी नेतं? मजूर बाया चार वाजता गाठोडे घेऊन येतीन." रागानं म्हणाली नाही. माझ्या बापाच्या रेडिओवर तिनं इतकी वर्षं बातम्या ऐकल्या आहेत की रेडिओला ती कधी वाईट बोलत नाही. पण कापूस म्हणजे वर्षाची भाकर, आणि जागा त्याचीच. हे मलाही पटतं, म्हणून न जेवता आधी सामान हलवलं.

घर तीन खोल्यांचं: ओसरी, माजघर, सयपाकाची खोली. मागे टिनाचं शेड. पण शेडात खताचे कट्टे आणि फवारणीचा पंप. तिथे रेडिओ ठेवायला मन धजत नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश असतं तेव्हा टिनाखाली हात लावू नये इतकं तापतं. जुन्या संचातल्या कागदी कंडेन्सरवरचं मेण वितळून चासीवर, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यावर, ओघळतं, स्पीकरचा कागदी कोन कडक होऊन तडकतो, लाकडावरचा पातळ पापुद्रा फुगून सुटतो. शेडातून आणलेले असे दोन संच मी बघितले आहेत. दोन्हींचं लाकूड हातातच सुटत होतं.

म्हणून सध्या: चार पलंगाखाली, तीन आलमारीवर, दोन देवळीत, बाकी सयपाकखोलीच्या माळ्यावर. माळा कवेलूंच्या अगदी खाली आहे. तिथे दिवाळीपासून होळीपर्यंत चालेल, पुढे नाही.

१६ नोव्हेंबर

दिवसभर वेचणी. संध्याकाळी माळ्यावर चढून एकेक संच नीट लावला.

व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या तापणाऱ्या नळ्या असलेला, रेडिओ ठेवायलाही शिस्त लागते. तो उभाच ठेवावा, पाठीवर झोपवू नये. मागे चार बोटं तरी हवा खेळती ठेवावी. एकावर एक तर रचूच नये, कारण आतला लोखंडी ट्रान्सफॉर्मर जड असतो आणि खालच्या संचाची पेटी वाकते. ट्रान्झिस्टर असेल तर आधी सेल काढावेत. विसरलेले सेल फुटून त्यांचा पांढरा-हिरवा चिकटा स्प्रिंगांसकट सगळं खातो. फळीच्या पायांखाली विटा, पायांना जळालेलं इंजिन ऑइल, म्हणजे उधई चढत नाही. कापूस घरात असला की उंदीरही येतात. त्यांना वायरवरचं जुनं रबर फार आवडतं. म्हणून मागच्या प्रत्येक पुठ्ठ्याला डासांची जाळी शिवून टाकली.

एका संचापाशी मात्र हात थांबला. तो ट्रान्सफॉर्मर नसलेला, एसी-डीसी दोन्हींवर चालणारा. अशा संचात घरातल्या विजेची एक तार थेट चासीला जोडलेली असते. प्लग उलटा लागला तर सगळा पत्राच करंट मारतो. बटण लाकडी किंवा बॅकेलाइटचं असेपर्यंत ठीक, पण बटण निघालं आणि उघड्या दांडीला बोट लागलं तर जीव जाऊ शकतो. माझी पोरगी सात वर्षांची. सगळ्यांत वर, भिंतीकडे तोंड करून, प्लग कापून ठेवला.

जागेचा विचार करताना लोक फळ्या मोजतात. मी आज हे मोजलं, की कोणती वस्तू कोणाच्या हाताला लागेल.

१९ नोव्हेंबर

हे रेडिओ माझ्याकडे आले कसे, ते आज लिहून काढतो, म्हणजे पुढे काय करायचं ते उमजेल.

विकत घेतलेले मोजकेच आहेत. नागपूरच्या इतवारीत भंगाराच्या ढिगातून दोन आणले होते, एक हिंगणघाटच्या बाजारातून. बाकी सगळे लोकांनी आणून दिले. तालुक्याच्या एका मेकॅनिककडे मी तरुणपणी काम शिकलो, हे आजूबाजूच्या गावांत माहीत आहे. कोणाचा बाप गेला, कोणाचं जुनं घर पाडून घरकुल आलं, की रेडिओ माझ्या ओसरीत येतो. "फेकवत नाही भाऊ, तुमीच ठेवा." त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी असतं. नाही कसं म्हणायचं?

माझा संग्रह वाढला तो हौसेपेक्षा या "तुमीच ठेवा"मुळे. गावच्या घरात वस्तू टाकवत नाही आणि ठेववतही नाही, अशी एक अवस्था असते. त्या अवस्थेतल्या सगळ्या वस्तू माझ्या माजघरात येऊन बसल्या आहेत.

आणि त्या किती मोठ्या काळाच्या आहेत! आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ चं. तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी गावांत वीज नव्हती, म्हणून सुरुवातीचे संच ९० व्होल्टच्या मोठ्या कोरड्या बॅटरीवर चालणारे. माझ्याकडे असा एक आहे. आत डीके, डीएफ, डीएएफ, डीएल ही बोटाएवढ्या व्हॉल्व्हची जोडणी. बॅटरी महाग, म्हणून फक्त बातम्या आणि बाजारभाव ऐकायचे आणि बंद करायचं. मग वीज आली, तसे विजेवरचे पाच व्हॉल्व्हचे मोठे संच आले, हिरवा डोळा असलेले. स्टेशन बरोबर लागलं की डोळ्यातली काळी फट मिटत येते. काचेवर २५, ३१, ४१, ४९ मीटरचे आकडे, आणि रात्री रेडिओ सिलोन. मागून ट्रान्झिस्टर. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आला आणि पाहता पाहता हे सगळं माळ्यावर गेलं.

काही संचांबरोबर लायसनची पुस्तिकाही आली आहे. तेव्हा रेडिओ ऐकायला परवाना लागायचा, दर वर्षी पोस्टात पैसे भरायचे. त्या पुस्तिकेवर घरमालकाचं नाव, गाव, संचाचा नंबर. मला पुष्कळदा संचापेक्षा ती पुस्तिका मोलाची वाटते. तिला जागाही लागत नाही.

२३ नोव्हेंबर

तिसरा वेचा. पलंगाखालचे चार काढावे लागले, कारण तिथे आता गाठोडी. ते बायकोनं आपल्या लुगड्यांच्या पेटीवर ठेवून घेतले. मी सांगितलं नव्हतं. "तुमच्या त्या डोळेवाल्याले ऊन नको लागू देजा, इथं सावली हाये," एवढंच म्हणाली.

३० नोव्हेंबर

आज दुपारी शेजारच्या गावचे एक आजोबा आले. ऐंशीच्या घरातले असतील. नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर धोतरात गुंडाळलेला संच. तो त्यांच्या थोरल्या भावानं घेतलेला. भाऊ राहिला नाही, भावाची पोरं पुण्याला. म्हणाले, "तुह्याकडं सांभाळल्या जाते म्हनतात."

मी त्यांना आत नेलं आणि माजघर दाखवलं. कापूस, गाठोडी, पेटीवरचे चार, देवळीतले दोन. ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "हे सारे वाजतेत?" म्हटलं, निम्मे वाजतात. बाकीच्यांना वेळ झाला नाही. "म्हंजे माह्या घरी मुका होता, तुह्याकडंही मुकाच राह्यला असता."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरंच हिशेब करत होते. मला मात्र उभ्या उभ्या एकदम स्वच्छ दिसलं. लोक माझ्याकडे रेडिओ आणतात ते त्यांना जागा नाही म्हणून नव्हे. त्यांच्या घरात माझ्यापेक्षा जागा जास्त आहे. आणतात, कारण तो मुका आहे. वाजता रेडिओ कोणी धोतरात गुंडाळून दुसऱ्याच्या दारात आणत नाही.

संच उघडला. सिरीज बल्ब लावून हळूहळू वीज दिली. वर्षानुवर्षं पडून असलेल्या संचाला एकदम पूर्ण दाब दिला तर सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर फुटतो. मधे साठ वॅटचा बल्ब असला की दोष असेल तर बल्ब भकभकून पेटतो, संच वाचतो. बल्ब आधी पेटला, मग मंद झाला. चांगलं लक्षण. व्हॉल्व्हच्या तारा लाल झाल्या. आवाज नाही, नुसती गुरगुर. शेवटच्या व्हॉल्व्हच्या तोंडचा मेणाचा कंडेन्सर गळत होता. अशा संचात पहिला संशय त्याचाच घ्यावा, कारण तो गळला की तो व्हॉल्व्ह तापून मरतो. माझ्याकडे नवा होता, टाकला. गुरगुर वीजपुरवठ्याच्या फिल्टरची, तोही बदलला. डायलची दोरी तुटली होती, ती मासे धरायच्या जाड दोऱ्यानं बांधली.

संध्याकाळी मराठी गाणं लागलं. आजोबा उठून जवळ आले आणि कान अगदी जाळीला लावला. आणि मी जे ठरवलं नव्हतं ते बोलून गेलो: "बाबाजी, हा इथं नका ठेवू. घरीच न्या. दर महिन्याले तासभर वाजवजा, नाहीतर परत सुकते. बिघडला तर मी येतो." नातवानं तो पुन्हा धोतरात बांधला.

१ डिसेंबर

रात्रभर हाच विचार डोक्यात.

जर वाजता केलेला रेडिओ परत त्याच घरी गेला, तर माझ्या घरातली जागा मोकळी राहते, आणि तो जिथे साठ वर्षं राहिला तिथेच राहतो. माझ्याकडे काय राहील? वही. जाड, शाळेच्या हजेरीपटासारखी. प्रत्येक पानावर गाव, घर, कोणी घेतला, कशावर घेतला, लायसन पुस्तिका आहे का, कोणते व्हॉल्व्ह, काय बदललं, जुना सुटा भाग कुठे ठेवला. आणि त्या घरी या रेडिओवर काय ऐकलं, ते.

संग्रह म्हणजे वस्तू आपल्या ताब्यात असणं, असंच मी इतके दिवस धरून चाललो होतो. आता मला वाटतं की गावोगावी वाजत असलेले वीस रेडिओ, ज्यांची पानं माझ्या वहीत आहेत, हा माझ्या माळ्यावरच्या वीस मुक्या संचांपेक्षा मोठा संग्रह आहे. हे मी मनापासून लिहितो आहे.

भीती एकच. घरात पिढी बदलली की पुन्हा भंगारवाला. त्यावर उपाय हाच दिसतो की प्रत्येक घरातलं एक लहान पोरगं गाठायचं आणि त्याला बटणं, स्टेशन, सिरीज बल्ब कशासाठी ते दाखवायचं. ज्यानं स्टेशन स्वतः लावलं, तो सहज फेकत नाही.

९ डिसेंबर

पहिले तीन परत. दोन ठिकाणी आनंदानं घेतले, एका घरी सुनेनं स्पष्ट सांगितलं की नको. तो परत आणला. जबरदस्ती करायची नाही. अशांसाठीच माझ्या घरातली जागा राखायची.

बॅटरीवरचा संच कोणालाच देणार नाही. ती बॅटरी आता मिळत नाही आणि त्याचं घर पडून गेलं आहे. एसी-डीसी संचही नाही. ज्या घरात लेकरं आहेत तिथे तो जाऊ नये, आणि लेकरं नसलेलं घर मला माहीत नाही.

१८ जानेवारी

कापूस गेला. गाडी भरायला दुपार लागली. माजघर झाडलं, शेणानं सारवलं. आता ती भिंत रिकामी आहे. पोरगी तिथे अभ्यासाचा पाट मांडून बसली, आणि मी तिला उठवलं नाही. माझे राहिलेले पाच आलमारीवर मावतात. उन्हाळा लागायच्या आत माळ्यावरचे दोन तिथे उतरवेन, म्हणजे वर काही राहणार नाही.

रात्री वडकीहून फोन आला. आजीचा संच आहे, आणून देऊ का, ठेवाल का? म्हटलं, "आणा. पण आठ दिवसांनी न्यायलाही यायचं, आणि आजी असतील तर त्यांना सोबत आणा." लायसनची पुस्तिका सापडली तर तीही शोधून ठेवा म्हणालो. नागपूरला गेलो की ६३० व्होल्टचे कंडेन्सर आणायचे आहेत, घरातले संपले.