तुम्ही विचारलंत म्हणून: रक्तदाबाची पेप्टाइडे आणि धमनीतले कॅल्शियम

नळात क्षार साचावेत तसे धमन्यांमध्ये कॅल्शियम साचते, मग रक्तवाहिन्या आकुंचित किंवा प्रसरण करणाऱ्या पेप्टाइडांचा (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचा) त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. नळाची भिंत निर्जीव असते. धमनीच्या भिंतीत मात्र स्नायूपेशी असतात आणि कॅल्शियम साचू द्यायचे की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच ठरवतात.

महाधमनीच्या पातळ छेदावर व्हॉन कोसा पद्धतीने चांदीच्या क्षाराची प्रक्रिया केली, की खनिज साचलेला भाग काळा दिसतो. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात विशेष आढळणाऱ्या प्रकारात ही काळी रेघ रक्ताला लागून असलेल्या आतल्या पृष्ठभागावर नसते. ती मधल्या थरात, लवचिक तंतूंच्या कडेकडेने धावते. याहून बोलका पुरावा काचेच्या बशीत मिळतो. तिथे रक्तप्रवाह नाही आणि दाबही नाही, तरी वाढीव फॉस्फेटमध्ये ठेवलेल्या स्नायूपेशींभोवती काही दिवसांत खनिज जमते आणि अ‍ॅलिझरिनने लाल रंगते. या पेशी आकुंचनाची प्रथिने सोडून देतात, हाडांच्या घडणीतला रनएक्स-२ हा घटक त्यांच्यात जागा होतो, आणि त्या अल्कलाइन फॉस्फटेज बनवू लागतात. हे विकर स्फटिकांना अटकाव करणारे पायरोफॉस्फेटच तोडून टाकते. असे अटकाव करणारे पदार्थ किती मोलाचे आहेत, हे १९९७ साली दिसले: मॅट्रिक्स जीएलए प्रथिनाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या धमन्या कॅल्शियमने भरून फाटल्या आणि ते दोन महिन्यांच्या आत दगावले.

पेप्टाइडांचा संबंध येतो तो इथे, कारण त्यांचे ग्राही, म्हणजे त्यांचा संदेश टिपणारी प्रथिने, याच स्नायूपेशींवर असतात. आठ अमिनो आम्लांचे अँजिओटेन्सिन-२ आणि १९८८ साली जपानमध्ये सापडलेले, एकवीस अमिनो आम्लांचे एंडोथेलिन हे दोघे धमनी आवळतात, आणि पेशीला हाडपेशीच्या वळणावरही ढकलतात. १९९३ साली अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून वेगळे केलेले अ‍ॅड्रेनोमेड्युलिन धमनी सैल करते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत कॅल्शियम साचण्याला आवर घालते. म्हणून या पेप्टाइडांकडे केवळ रक्तदाबाचे नियंत्रक म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. भिंतीतल्या पेशीने स्नायू म्हणून राहावे की नाही, यावरही त्यांचा प्रभाव असतो. एंडोथेलिनचे ग्राही अडवणारे औषध दिल्यावर उंदरांच्या महाधमनीत आधीच साचलेले कॅल्शियम कमी झाल्याचे दिसले आहे, आणि या क्षेत्रातला हाच निष्कर्ष मला सर्वांत आशादायक वाटतो.

यावर पुढचा प्रश्न हमखास येतो, की मग हीच औषधे माणसांना का देत नाहीत? अँजिओटेन्सिनचे ग्राही अडवणाऱ्या गोळ्या असंख्य रुग्ण घेतात, पण त्या रक्तदाबासाठी, हृदयासाठी आणि मूत्रपिंडासाठी. धमनीतले कॅल्शियम काढण्यासाठी या गटातले एकही औषध आज लिहून दिले जात नाही. त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाने रक्तातले फॉस्फेट डॉक्टरांच्या सल्ल्याने आटोक्यात ठेवणे, याला आजही पर्याय नाही.