अव्वाच्या खिळ्यावरच्या किल्ल्या

परवा दुपारी दोनला घरी आलो आणि खिशात किल्ली नाही. एप्रिलातलं सोलापूर, कुलपाला नुसता हात लागला तरी चटका बसतो. बायको ऑफिसला, पोरगं क्लासला. मग पाय आपोआप समोरच्या अव्वाच्या दारात. ती चटईवर आडवी झालेली, डोळे न उघडताच म्हणाली, "निळा दोरा, दोन गाठी."

मार्कंडेयाच्या फोटोखाली एक खिळा आहे, त्यावर आमच्या गल्लीतल्या नऊ घरांच्या किल्ल्या असतात. अव्वाला वाचता येत नाही, म्हणून तिनं प्रत्येक किल्लीला दोरा बांधलाय, विडीला बांधतात तोच. कुणाला एक गाठ, कुणाला तीन. सरांच्या किल्लीला लाल दोरा का, तर त्यांना राग लवकर येतो म्हणून. माझ्या दोन गाठींचं कारण मी अजून विचारलेलं नाही, काय ऐकावं लागेल सांगता येत नाही.

शाळेत असतानाही मी असाच किल्ली विसरायचो (म्हणजे सुधारणा शून्य). आई येईपर्यंत अव्वाकडं बसायचं. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, तोंड दुमडलं की झाली विडी. दिवसाला हजार. तिचे हात बघत बसलं की झोप यायची, त्यात मागच्या कारखान्यातल्या मागांची खटखट. मला काम म्हणजे बंडलं मोजायची, आणि मजुरी कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी. घरी गेल्यावर आई अंगाचा वास घेऊन म्हणायची, परत तंबाखूत बसलास ना. माझं अर्धं गणित त्या सुपाशी झालंय, शाळेतल्या मास्तरांना सांगू नका.

पाण्याचं तर पूर्ण तिच्यावरच. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेही कधी पहाटे तर कधी रात्री अकराला. व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, त्यात "पाणी आलं का?" एवढंच विचारतात, उत्तर कुणीच देत नाही. अव्वाला मात्र कोपऱ्यावर पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याची सायकल वाजली की कळतं. मग गल्लीभर हाक, "पाणी येऊलालंय, उठा बेऽऽ!" किल्ल्याही हिच्याकडं आणि चावीची खबरही हिच्याकडं.

पण एक खरं सांगतो, विशीत मला ती अजिबात आवडायची नाही. घराबाहेर पडलं की, "कुठं चाललास?" परत आलं की, "कुठं गेल्तास?" आरं काय सीआयडी आहे काय! मी मुद्दाम मागच्या बोळातून जायचो. नंतर नोकरीसाठी पुण्यात तीन वर्षं फ्लॅटवर राहिलो. तापानं दोन दिवस पडून होतो तेव्हा शेजारच्यानं बेलसुद्धा वाजवली नाही, कारण मी आत आहे हेच त्याला माहीत नव्हतं. असो.

मागच्या 1 ऑक्टोबरला हॉलमध्ये ज्येष्ठांचा सत्कार होता. युनोनं 1990 साली ठरवलेला हा दिवस, आमच्या गल्लीपर्यंत पोचायला जरा वेळ लागला एवढंच. दोन तास भाषणं. घरातली म्हातारी माणसं म्हणजे वटवृक्ष, असं चार जणांनी चार वेळा सांगितलं आणि समोर वटवृक्षांना बाथरूमला जायचं होतं. शेवटी नारळ आणि टॉवेल. अव्वाचा नवरा जन्मभर मागावर टॉवेलच विणत होता. तिनं तो टॉवेल स्टेजवरच बोटांनी चाचपला आणि मला म्हणाली, "किनार सैल हाय बे."

तिचं वय नक्की किती ते कुणालाच माहीत नाही. बहात्तरच्या दुष्काळात थोरला रांगत होता, एवढा हिशेब पक्का. पण आधार काढणाऱ्या पोरानं अंदाजानं 1 जानेवारी टाकली आणि वर्षही पुढचंच टाकलं. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्या 1 जानेवारीच्याच. त्यामुळं 2022 पासून पंचाहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, तरी अव्वाला अक्कलकोटला जायला अर्धं तिकीट पडतं. तिच्यापेक्षा लहान असलेली धाकटी जाऊ तिच्या शेजारी बसून फुकट जाते. ह्यावरून दोघींचं अक्कलकोट येईपर्यंत भांडण चालतं, कंडक्टरसुद्धा ओळखायला लागलाय.

तर परवा किल्ली घेतली आणि निघालो, तेवढ्यात तिनं सांगितलं की सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन, लेक येऊन नेणार, चार दिवस लेकीकडंच राहणार. मी म्हटलं, मग तुमच्या घराची किल्ली? तर म्हणाली, "आमच्या दाराला कुलूपच कुठं हाय? मी कधी बाहेर ऱ्हायलेच नाही की."

संध्याकाळी जाऊन एक कुलूप आणलं. त्याच्या किल्लीला ती कुठला दोरा बांधते बघायचंय. पण ती आणि बाकीच्या नऊ किल्ल्या ते चार दिवस कुणाकडं ठेवायच्या, ते अजून ठरलेलं नाही. दुपारी घरी असतंच कोण गल्लीत?