आमची वाटचाल : पाच हजार प्रतींचा हिशोब

आमच्या गाण्यांच्या कंपनीच्या ऑफिसमधल्या कपाटात लाल कापडी पुठ्ठ्याच्या अकरा वह्या आहेत. कंपनी सुरू करणाऱ्या आप्पांच्या. १९८६ साली पुण्यातल्या तपकीर गल्लीत भाड्याचा गाळा घेऊन त्यांनी कोऱ्या कॅसेट विकायला सुरुवात केली, पहिली वही तेव्हाची. तीन वर्षांनी स्वतःची पहिली कॅसेट काढली : आठ गाणी, चार ए बाजूला, चार बी बाजूला. तिथपासून प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत, ‘गेला’ आणि ‘आला’. दुकानदाराकडे पाठवलेला माल ‘गेला’मध्ये, ज्याचे पैसे हातात पडले तो ‘आला’मध्ये. कुणी गायक येऊन विचारायचा, “आप्पा, माझी कॅसेट किती खपली?” आप्पा दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवायचे. कोल्हापूरला पाचशे गेल्या आणि दिवाळीनंतर तीनशे परत आल्या, तर खपल्या दोनशे. यावरून काही कलावंत नाराजही झाले, पण आप्पांनी पहिल्या रकान्याचा आकडा कधी कुणाला सांगितला नाही.

आमच्या प्रत्येक करारात एक कलम असायचं. अल्बमच्या ५,००० प्रती खपल्या, की गायक, संगीतकार आणि गीतकार या तिघांनाही ठरलेल्या मानधनावर जादा रक्कम. छोट्या मराठी कंपनीला पाच हजारांचा पल्ला मोठा होता. तो ओलांडला की आप्पा पेढे आणायचे.

मी २००६ साली धंद्यात आले तेव्हा कॅसेट जवळपास संपली होती. सीडीवर जेमतेम दोन पैसे सुटत होते आणि शंभर गाण्यांच्या चोरट्या एमपीथ्री सीडी फुटपाथवर मिळत होत्या. मधली काही वर्षं कॉलर ट्यूनने तारलं. पुढे तेही आटलं. आम्ही गाळा सोडला, सदाशिव पेठेत दोन खोल्यांचं ऑफिस घेतलं आणि जुन्या मास्टर टेप एकेक करून डिजिटल करायला बसलो. काही टेपना बुरशी आली होती, काहींचा लेप सुटून हेडला चिकटायचा. माझ्या धाकट्या भावाने दोन वर्षं याशिवाय दुसरं काही केलं नाही. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९मध्ये भारतात आलं, तोवर आमची बहुतेक गाणी वितरकामार्फत सगळ्या ॲपवर चढली होती. दर तिमाहीला एक स्टेटमेंट यायला लागलं. त्यात ‘गेला’ नाही, ‘आला’ नाही. गाण्याचा आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक रेकॉर्डिंगची स्वतंत्र ओळख), देश, गाव, किती वेळा वाजलं, किती रुपये.

याच स्टेटमेंटवरून आमच्याकडे एक प्रश्न उभा राहिला : गाणं किती वेळा वाजलं म्हणजे एक प्रत खपली? त्यासाठीच हे सगळं लिहिते आहे.

१९९६ साली आम्ही गणपतीच्या गाण्यांची एक कॅसेट काढली होती. पहिली दोन गाणी पारंपरिक, ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ आणि ‘शेंदूर लाल चढायो’. पुढची सहा नवी, वाईच्या एका शिक्षकांनी लिहिलेली. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. गायिका तेव्हा नवीन होत्या. आप्पांच्या वहीत या अल्बमच्या कॅसेट आणि सीडी मिळून ‘आला’ रकान्याची बेरीज ४,७१२ आहे. पाच हजारांना २८८ कमी. पेढे काही आले नाहीत.

२०२१च्या गणपतीनंतर गायिकाताईंचा मुलगा ऑफिसात आला. आम्हीच पाठवलेला वर्षाचा गोषवारा त्याच्या हातात होता. आरती ४० लाख वेळा वाजली होती, दुसरी आरती ३ लाख वेळा आणि उरलेली सहा गाणी मिळून १२ हजार वेळा. “ताई,” तो म्हणाला, “त्रेचाळीस लाख वेळा ऐकलंय लोकांनी. पाच हजारांची अट कधीच ओलांडली असणार ना?” त्याचा सूर भांडणाचा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. करारात ‘प्रत’ असा शब्द होता. त्रेचाळीस लाख वेळा वाजणं म्हणजे किती प्रती?

हा प्रश्न जगात आमच्याआधी पुष्कळांना पडला होता आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, हे मला पुढच्या दोन महिन्यांत कळलं.

अमेरिकेत बिलबोर्ड या नियतकालिकाची ‘बिलबोर्ड २००’ ही अल्बमची सगळ्यांत मानाची यादी. १९९१पर्यंत ती दुकानदारांना फोनवर विचारून बनायची. त्या वर्षी काउंटरवरच्या बारकोडची नोंद थेट घेणं सुरू झालं आणि कंट्री, रॅप, हेवी मेटल असे दुकानदारांच्या तोंडी फारसे न येणारे प्रकार एकदम वर आले. म्हणजे मोजायची रीत बदलली की यादी बदलते. लोक तेच ऐकत असतात. पुढे डिसेंबर २०१४मध्ये बिलबोर्डने स्ट्रीम (ॲपवर गाणं एकदा वाजणं) धरायला सुरुवात केली : अल्बममधली कुठलीही गाणी मिळून १,५०० वेळा वाजली, की एक अल्बम खपला असं समजायचं. सुटी गाणी विकत घेऊन डाउनलोड केली तर दहा गाण्यांचा एक अल्बम. २०१८मध्ये पैसे भरून ऐकणारा आणि जाहिराती ऐकून फुकट ऐकणारा यांत फरक केला, पहिल्याचे १,२५० आणि दुसऱ्याचे ३,७५०. जानेवारी २०२६पासून ते १,००० आणि २,५०० झालं. त्यावर यूट्यूबने आपले आकडे बिलबोर्डला देणंच थांबवलं. त्यांचं म्हणणं, ऐकणं ते ऐकणं, पैसे भरले काय आणि जाहिरात ऐकली काय, सारखंच मोजा.

आमच्या ५,००० प्रतींच्या कलमाला हे लावून बघा. पहिल्या नियमाने ७५ लाख स्ट्रीम लागतात. २०१८च्या नियमाने सगळे श्रोते पैसे भरणारे असतील तर साडेबासष्ट लाख, सगळे फुकटे असतील तर १ कोटी ८७ लाख ५० हजार. आजच्या नियमाने ५० लाख किंवा सव्वा कोटी. गाणी तीच, श्रोते तेच, आणि एका कलमाचे पाच अर्थ.

ब्रिटनचं गणित मला जास्त विचार करून बसवलेलं वाटलं. तिथे मार्च २०१५पासून अल्बमच्या यादीत स्ट्रीम धरतात. सुरुवातीला अल्बममधली सर्वाधिक वाजलेली १२ गाणी घ्यायचे, पुढे ती मर्यादा १६ झाली. त्यातली सगळ्यांत वरची दोन गाणी मात्र जशीच्या तशी मोजत नाहीत. बाकीच्या गाण्यांची सरासरी जेवढी, तेवढ्यावर त्यांना खाली आणतात. मग बेरजेला, २०१५च्या मूळ नियमाप्रमाणे, १,०००ने भागायचे. एका लाडक्या गाण्याच्या जोरावर अख्खा अल्बम खपला असं दिसू नये, हा त्यामागचा हेतू.

मी दोन्ही गणितं कागदावर मांडली. अमेरिकेच्या पहिल्या नियमाने ४३ लाख १२ हजार भागिले १,५००, म्हणजे २,८७४ अल्बम. ब्रिटनच्या नियमाने आरत्यांचे आकडे बाकी सहा गाण्यांच्या सरासरीवर, म्हणजे दोन-दोन हजारांवर आणायचे. एकूण १६ हजार. भागिले हजार. १६ अल्बम.

तो कागद मी अजून ठेवला आहे. आप्पांच्या ४,७१२मध्ये २,८७४ मिळवले तर ७,५८६, कलम लागू. १६ मिळवले तर ४,७२८, कलम लागू नाही. आणि कोणता नियम लावायचा ते ठरवणार मी, म्हणजे ज्यांच्या खिशातून पैसे जाणार त्याच आम्ही.

म्हणून आधी पैशाचा विचार बाजूला ठेवून अल्बम म्हणजे काय, याचाच विचार करायचं ठरवलं. कॅसेट घेणारा माणूस आरतीसाठीच घ्यायचा, हे आप्पांनाही माहीत होतं. पण घरी आरती संपल्यावर कुणी उठून टेप बंद करत नसे. प्रसाद वाटेपर्यंत ती चालूच राहायची. सरांची सहा गाणी अशी आरतीच्या पाठीवर बसून घरोघर गेली. आज फोनवर आरती संपली की ॲप त्याच अल्बममधलं पुढचं गाणं वाजवेल असं नाही. दुसऱ्याच कुणाची आरती लावतं. श्रोता आमच्या अल्बमात येतो, उंबऱ्यावरून परत जातो. त्याच्या त्या येण्याला अल्बम ऐकला असं म्हणणं मला पटत नाही. ते गाण्याचं यश आहे, आणि गाण्यांसाठी वेगळी यादी असते. गाण्याचं गाण्याला द्यावं, अल्बमचं अल्बमला.

एकाच बेरजेत सगळं कोंबलं की काय होतं तेही दिसलंच आहे. जानेवारी २०१९मध्ये ए बूगी विथ द हूडी या रॅपरचा अल्बम बिलबोर्डवर पहिला आला, त्या आठवड्यात अख्ख्या अमेरिकेत त्याच्या विकत घेतलेल्या प्रती होत्या ८२३. बाकी जवळपास सगळं स्ट्रीम. त्याआधी २०१८मध्ये ड्रेकचा ‘स्कॉर्पियन’ आला तो २५ गाण्यांचा, आणि पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत त्याचे ७४ कोटींहून जास्त स्ट्रीम झाले. या कलावंतांच्या श्रोत्यांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. ते खरे आहेत, त्यांनी खरंच ऐकलं. पण २५ गाण्यांचा अल्बम एकदा सलग ऐकला तर २५ स्ट्रीम, आठ गाण्यांचा ऐकला तर आठ. म्हणजे लांबीलाच बक्षीस. आमच्याकडेही एकाने सल्ला दिला होता : तुमच्याकडे नऊ-नऊ मिनिटांची नाट्यपदं आहेत, त्यांचे तीन-तीन तुकडे करा, तीस सेकंद वाजलं की स्ट्रीम धरला जातो, आकडा तिप्पट होईल. हिशोबाला तो चुकला नव्हता. पण आलाप संपून चिजेचा मुखडा येतो तिथे कात्री लावायची? भाऊ तडक उठून बाहेर गेला. आम्ही एकही पद कापलं नाही.

फुकट आणि विकत यातला फरक मात्र मला मान्य आहे. यूट्यूबची बाजू मी मनापासून समजून घ्यायचा प्रयत्न केला, कारण आमचेही बहुतेक श्रोते तिथेच आहेत. वाईच्या घरात जाहिरात ऐकून आरती लावणारी आजी पैसे भरणाऱ्या आयटीतल्या मुलापेक्षा कमी श्रोता आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण आमच्या कलमातला शब्द ‘खपल्या’ असा होता, आणि खप म्हटलं की आप्पांचा दुसरा रकाना आला. जर्मनीत तर यादी प्रतींवर नाही, उलाढालीवर लावतात. ते मला थोडं पलीकडचं वाटतं. महागडा संच घेणारा एक चाहता साध्या सीडीच्या कितीतरी गिऱ्हाइकांना भारी पडतो.

तर आम्ही असं ठरवलं. २०२२पासूनच्या नव्या करारांत दोन कलमं आहेत. सुट्या गाण्याला पल्ल्याची अटच नाही, पहिल्या रुपयापासून गाणाऱ्याचा, चाल लावणाऱ्याचा आणि लिहिणाऱ्याचा वाटा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क दिलाच आहे, आम्ही तो कागदावर सोप्या मराठीत लिहिला. अल्बमचं कलम वेगळं. त्याला ब्रिटनसारखं गणित, वरची दोन गाणी सरासरीवर आणून. आणि पल्ला ५,०००चा ५०० केला, कारण अख्खा अल्बम ऐकणारी माणसं आता तेवढीच उरली आहेत आणि जी आहेत त्यांचा मान राहायला हवा.

राहिला १९९६चा करार. माझ्या मते योग्य गणित ब्रिटनचं. त्याने आमचे पैसे वाचत होते. पण करार लिहिताना ‘प्रत’ शब्दाचा अर्थ आम्ही सांगितला नव्हता, कलावंतांनी विश्वासाने सही केली होती. न लिहिलेल्या गोष्टीचा फायदा लिहिणाऱ्याने घ्यायचा नाही, एवढं आप्पांकडून शिकले आहे. तिथे अमेरिकेचा १,५००चा नियम लावला आणि जादा रक्कम तिघांनाही दिली. गायिकाताईंच्या मुलाला दोन्ही गणितांचा कागद दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, “आईला फोनवर तुम्हीच सांगा.”

सरांकडे मी स्वतः गेले. पेढे घेऊन. ते आता ब्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं. चेक त्यांनी न बघताच चष्म्याच्या घरात ठेवला. “अगं, हे आरतीचे पैसे ना?” त्यांनी विचारलं. “माझी गाणी कुणी ऐकली का, ते सांग.”

मी म्हटलं, सहा मिळून वर्षात बारा हजार वेळा.

“बारा हजार,” ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प. “त्यातलं सातवं किती?”

मला पाठ नव्हतं. घरी येऊन बघितलं आणि पोस्टकार्डावर सहाही गाण्यांचे आकडे लिहून पाठवले. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून. तेव्हापासून दर तिमाहीला पाठवते. ॲपवाल्यांच्या मोठ्या यादीत हे आकडे कुठेच लागत नाहीत, पण आप्पांच्या बाराव्या वहीत लागतात. ती मी सुरू केली आहे आणि तिला रकाने तीन आहेत : गाणं, अल्बम, आला.

गेल्या वेळी सातव्या गाण्याचा आकडा पहिल्यांदाच तिसऱ्याच्या पुढे गेला. सरांचं उलटटपाली कार्ड आलं, एका ओळीचं : कुठल्या गावात ऐकतात?

स्टेटमेंटमध्ये गावाचा रकाना आहे. नाशिक.