निळा कोबाल्ट, हिरवे निकेल आणि आयनिक द्रव : माझा अनुभव

मोबाईलच्या निकामी लिथियम-आयन बॅटऱ्यांमधील काळी भुकटी हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून त्या द्रावणातील कोबाल्ट आणि निकेल वेगळे करणे, हा माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाचा विषय होता. अणुक्रमांक २७ आणि २८ असलेली ही शेजारची मूलद्रव्ये इतकी सारखी वागतात की साध्या अवक्षेपणाने त्यांची नीट फारकत होत नाही. म्हणून कोबाल्ट ओढून घेण्यासाठी आम्ही फॉस्फोनियम क्लोराइड वर्गातील, पाण्यात न मिसळता वेगळा थर धरणारा आयनिक द्रव, म्हणजे सामान्य तापमानालाच द्रवरूप असणारा क्षार, कोणत्याही सेंद्रिय द्रावकाने पातळ न करता वापरायचे ठरवले.

पहिला प्रयत्न साफ फसला. मधासारखा दाट असलेला तो द्रव सेपरेटिंग फनेलच्या काचेला चिकटून बसला, आणि जोरात हलवल्यावर झालेल्या दुधाळ मिश्रणाचे थर रात्रभर ठेवूनही सुटले नाहीत. "अगं, आधी त्याला आम्ल पाजून घे," असे सरांनी सांगितले. द्रव आधी आम्लजलाने संपृक्त करून घेतल्यावर त्याचा दाटपणा बराच उतरला. मग ६० अंश सेल्सिअसला ढवळून मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले, तेव्हा नळीत वर गडद निळा आणि खाली स्वच्छ हिरवा, असे दोन थर दिसले. ती नळी मी कितीतरी वेळ उजेडासमोर धरून पाहत राहिले.

सुमारे ८ मोलर आम्लात कोबाल्ट चार क्लोराइड धरून निळा ऋण आयन बनतो आणि आयनिक द्रवातील क्लोराइडची जागा घेतो. निकेलचा तसा ऋण आयन बनत नाही, त्यामुळे ते पाण्यातच राहते. याच कारणाने कोबाल्ट परत काढायला नुसते पाणी पुरते, कारण क्लोराइड कमी होताच तो गुलाबी होऊन पाण्यात उतरतो. मला या पद्धतीचे खरे मोल इथे वाटते. बाष्प होत नाही एवढ्यावरून आयनिक द्रवाला पर्यावरणस्नेही म्हणणे मात्र मला पटत नाही, कारण त्याचा थोडा अंश सांडपाण्यात जातोच.

निळा रंग उतरला, तरी द्रव पिवळा राहिला. बॅटरीच्या पोलादी कवचातून आलेले लोह त्यात घट्ट बसले होते आणि पाण्याने ते हलेना. पुढच्या खेपेपासून मी द्रावणाचा सामू वाढवून लोह आधीच साक्याच्या रूपात गाळून टाकले. त्यानंतर पुन्हा आम्ल घालावे लागल्याने खर्च वाढला, पण कोबाल्ट काढून घेतल्यावर द्रव जवळजवळ रंगहीन झाला आणि तोच मी पुढच्या नमुन्यासाठी वापरला.