पातीचा लसूण आणि फ्रीजरमधली वीट

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी पादरा गावच्या शेतावरून भावोजी पातीच्या लसणाचे पोते घेऊन वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येतात आणि "वहिनी, या खेपेस जरा जास्त आहे" एवढे बोलून पतंग उडवायला गच्चीवर निघून जातात. तीन वर्षांपूर्वी ते 'जरा जास्त' बारा किलो भरले होते.

ऑक्टोबरअखेरीस लावलेला लसूण गड्डा नीट धरण्याआधीच, डिसेंबर-जानेवारीत, पातीसकट उपटला की वडोदऱ्यात त्याला लीलुं लसण म्हणतात. थंड प्रदेशातल्या जातींना जो फुलाचा वळणदार दांडा येतो आणि जो तिकडे कापून भाजीत घालतात, तो आमच्या लसणाला सहसा येत नाही. आमची सारी चव पातीत आणि तिच्या बुडाशी असलेल्या पांढऱ्या, कोवळ्या भागात असते. तो भाग आधी तेलात परतावा आणि हिरवी पात भांडे उतरवताना घालावी, एवढे सांभाळले की पिठले, वांग्याचे भरीत किंवा तुपात कुस्करलेला बाजरीचा रोटला यांपैकी काहीही बिघडत नाही. शिजवणे मला कधीच अवघड गेले नाही. माझा जीव खाल्ला तो धुणे आणि फ्रीजर यांच्या मधल्या टप्प्याने, म्हणजे ओला लसूण कोरडा होण्याची वाट पाहण्याने.

शेत सेंद्रिय आहे, म्हणजे शेणखत आणि जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेले पातळ खत) यांवर पोसलेले. त्यामुळे पात कच्ची खायची असो वा नसो, तीन पाण्यांतून काढल्याशिवाय मी ती घरात वापरत नाही. पहिल्या वर्षी मी सगळा लसूण आधी चिरला, मग चाळणीत धुतला, वरवर निथळला आणि पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवला. आठवड्याने पिशवी उघडली तेव्हा हातात हिरवी वीट आली. चमचाभर लसणासाठी तिच्यावर बत्ता घालावा लागे, आणि कंटाळून ती ओट्यावर विरघळू दिली तर पाण्यात तरंगणारा मऊ, काळपट लगदा उरे. दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले असे मला वाटले. चिरून धुतलेला लसूण सुती पंच्यांवर पसरून रात्रभर पंखा लावला. सकाळी वरची पात सुकून पिवळी पडली होती, खालची तशीच ओली होती, आणि पडद्यांना जो वास लागला तो संक्रांत उलटून गेली तरी गेला नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त दोन दिवस देवघराचे दार लावून बसल्या.

चूक वाळवण्यात नव्हती, क्रमात होती. चिरलेल्या पातीचे प्रत्येक तोंड पाणी धरून ठेवते, आणि पात एकमेकींत गुंडाळलेली असल्यामुळे माती व पाणी दोन्ही आतल्या सांध्यात अडकून बसतात. तिसऱ्या वर्षी मी लसूण अख्खाच धुतला, सांध्यापाशी पात बोटांनी थोडी फाकवून आतली माती काढली आणि जुड्या कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी लावल्या, मुळे वर आणि पाती खाली. पाणी टोकांवरून थेंबथेंब गळून गेले. सावलीत चार-पाच तासांत लसूण हाताला कोरडा लागू लागला. मधूनच एक कटलेला पतंग येऊन जुडीत अडकला आणि त्याच्या मांजाने दोन पाती कापल्या, एवढेच नुकसान. सुरीही कोरडीच हवी, आणि लसूण चिरून झाल्यावर हात धुऊनच पुढचा घाणा घ्यावा, हे मी तेव्हा शिकले.

चिरलेला लसूण लगेच बरणीत भरू नये. ताटात पातळ पसरून तासभर फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे कण सुटे राहतात. मग तो घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावा, कारण पिशवीतून वास झिरपतो. आमच्या घरचे श्रीखंड एकदा लसणाचे झाले होते आणि ते पाहुण्यांच्या पानात वाढले गेले. वापरताना तो वितळवू नये, थेट कढईत टाकावा. गरम पाण्यातून काढून गोठवण्याचा सल्ला मी एकदा पाळला. पात टवटवीत हिरवी राहिली, पण तिखटपणा गेला, कारण लसूण चिरल्यावर ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) तो तिखट वास तयार होतो ते उष्णतेने निकामी होते.

एका शेजारणीने लसूण तेलात बुडवून बरणी फळीवर ठेवायला सुचवले होते, ते मात्र कोणी करू नये. तेलाखाली हवा नसते, लसणाला आंबटपणा नसतो, आणि अशा जागी बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे विष तयार करणारे जंतू वाढतात, तेही वासाचा किंवा चवीचा पत्ता लागू न देता. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर येथे तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे 36 जण आजारी पडले होते. तेलातला लसूण हवाच असेल तर तो फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा, नाहीतर बर्फाच्या साच्यात गोठवावा. मी साच्यात पातळ तूप आणि लसूण घालते. सकाळी रोटल्यावर एक वडी ठेवली की पुरते. लिंबू पिळून वाटलेली चटणी निळसर पडली तर घाबरू नये, आंबटामुळे लसूण तसा रंग धरतो आणि त्याने काही अपाय होत नाही.

शेवटची बरणी आषाढात, पहिल्या पावसातल्या भरतात संपली. आता भावोजी पंधरा किलोची भाषा बोलू लागले आहेत. मी त्यांना कळवले आहे की पोत्याबरोबर दोरी आणि दोन डझन चिमटेही घेऊन यावेत, आणि लसूण टांगून होईपर्यंत गच्चीवर पतंग उडवायचा नाही.