आमच्या भरतकामाच्या दुकानाची संस्था कशी झाली

कोथरूडमध्ये एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचं छोटंसं दुकान आहे. दुपटी, कुंच्या, क्रोशाचे रुमाल, भरलेले अभ्रे, लोकरीचे स्वेटर, गोधड्या. करणाऱ्या आम्ही, विकणाऱ्याही आम्हीच, पगार कुणालाच नाही. सामानाचा खर्च वजा जाता जे उरतं त्यातून गरीब रुग्णांची औषधं आणि जवळच्या एका वृद्धाश्रमाच्या गरजा भागतात. सगळं तोंडी, विश्वासावर चाललं होतं. मग लोकांच्या खिशातली रोकड गेली आणि टेबलावर क्यूआर कोड आला, तो खजिनदार काकूंच्या बचत खात्याचा. विवरणपत्र भरायच्या वेळी त्यांच्या मुलाने कपाळाला हात लावला. "आई, हे सगळं तुझंच उत्पन्न दिसतंय!"

काकूंनी बैठकीत निर्वाणीचं सांगितलं, "एक तर नोंदणी करा, नाहीतर दुसरी खजिनदार शोधा." २०२३ मध्ये कामाला लागलो.

संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात. अशी संस्था झाली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली न्यास (ट्रस्ट) म्हणूनही नोंद करायची, आणि तो अर्ज तीन महिन्यांच्या आत. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात. सात जणी जमवणं अवघड नव्हतं, आठवीला "तुमचं नाव आत्ता नको" हे सांगणं अवघड होतं. नुसतं न्यासपत्र करून कमी माणसांतही भागतं, पण मग सगळा कारभार विश्वस्तांच्या हाती. आम्हाला दरवर्षी सभा हवी होती, हिशेब वाचून दाखवणं हवं होतं. भांडायला अधिकृत जागा हवी होती म्हणा ना.

खरं डोकं गेलं ते उद्देशांच्या कलमात. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी सुरेख मसुदा लिहिला होता : पारंपरिक हस्तकलांचे जतन, महिला सक्षमीकरण, समाजप्रबोधन. सीए म्हणजे मैत्रिणीचा भाचा. त्याने शांतपणे वाचून कागद खाली ठेवला. "मावशी, वाचायला छान आहे, पण याने तुम्ही अडकाल."

त्याने समजावलं ते असं. आयकर कायद्यात धर्मादाय कामांची काही खाती ठरलेली आहेत : गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत वगैरे. त्यांत न बसणारं उरलेलं सगळं 'सार्वजनिक उपयोगाचं अन्य काम' या एका पोत्यात जातं. त्या पोत्यात गेलात, की व्यापारातून येणारी रक्कम वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांवर जाता कामा नये. आमची तर जवळजवळ सगळी जमा विक्रीचीच! म्हणून मुख्य उद्देश सरळ लिहिले : गरजू रुग्णांना औषधोपचाराची मदत, निराधार वृद्धांना साहाय्य. दुकान हे त्यासाठीचं साधन, आणि त्याचे हिशेब वेगळ्या वहीत. बाईंना वाईट वाटलं, सक्षमीकरण गेलं म्हणून. मला विचाराल तर सीएची पूर्ण फी या एका परिच्छेदासाठी दिली असती तरी वसूल होती. (घेतली नाही त्याने. स्वेटर घेतला.)

बाकी कागद नेहमीचेच. नावाचे दोन-तीन पर्याय, कारण आधीच्या संस्थेशी मिळतंजुळतं नाव चालत नाही. विधानपत्र, नियमावली, संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र, जागामालकाचं ना हरकत पत्र, वीजबिल. पण बायकांची संस्था असेल तर एक गोष्ट आधी पाहा : आधार आणि पॅनवरचं नाव. आमच्यातल्या निम्म्या जणींचं जुळेना. एकीकडे वडिलांचं नाव, दुसरीकडे नवऱ्याचं. एकीचं लग्नात बदललेलं नाव आधारवर, माहेरचं पॅनवर, आणि सही तिसरीच. हे निस्तरण्यात जेवढा वेळ गेला तेवढा सरकारी कामात गेला नाही. शेवटी 'एफ'ने सुरू होणारा न्यास क्रमांक हातात आला आणि संस्थेच्या नावाने बँकेत खातं उघडलं.

मग आयकर. तेव्हा फॉर्म १०ए ऑनलाइन भरला की १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) यांची तात्पुरती नोंदणी तीन वर्षांसाठी मिळायची, पुढे ती नियमित करून घ्यायची. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे, तेव्हा कलमांचे आणि फॉर्मचे आकडे आता नव्याने ताडून घ्या.

८०जी मिळालं ही बातमी सोसायटीत फिरली आणि गैरसमजांना ऊत आला. दुपटं विकत घेतलं ती खरेदी, देणगी नव्हे, त्याला ती पावती नाही. रोख २००० रुपयांच्या वर दिले तर करसवलत नाही. वस्तू दिली तरी नाही. एक बाई दोन मोठ्या पिशव्या भरून लोकर घेऊन आल्या, नवीकोरी, गोळ्यांवरचे कागदही शाबूत. ८०जी ची पावती मागितली. नियम सांगितल्यावर जरा विचार केला, एक पिशवी ठेवली आणि एक घेऊन गेल्या.

पैसे देण्याची रीतही बदलावी लागली. वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के उद्देशांवर खर्च झाले पाहिजेत. त्यात २०२३ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला देणगी दिली, तर तिच्या ८५ टक्केच रक्कम खर्च म्हणून धरतात. पूर्वी आम्ही वृद्धाश्रमाला धनादेश द्यायचो. आता औषधांच्या दुकानाचं बिल थेट भरतो, डायपर आणि चादरी स्वतः घेऊन पोचवतो. आम्हाला हेच जास्त आवडलं, कारण पैसा कुठे गेला हे दिसतं.

किमतींवरून मात्र अजून वाद होतात. लोक आजीची सुती नऊवारी घेऊन येतात, गोधडी करून द्या म्हणतात. चार पदर एकावर एक, बोटाच्या पेराएवढ्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी, कोपऱ्यांना डबल टाके. हाताची मजुरी तासावर धरली तर गिऱ्हाईक दारातूनच परतेल. नाही धरली, तर शेजारच्या वस्तीत पोटासाठी गोधड्या शिवणाऱ्या बाईचा भाव आम्ही पाडतो. मी मजुरी धरावी या बाजूची. आमचे कष्ट फुकट असतील, म्हणून वस्तू स्वस्त का? सध्या माझी बाजू जिंकलेली आहे, गोधडीपुरती. दुपट्यांवर हरले.

आता सचिव बदलायची आहे. पदाधिकारी बदलले की ९० दिवसांत फेरफार अहवाल द्यावा लागतो. होणाऱ्या सचिवबाईंचं आधार आणि पॅन आम्ही निवडणुकीआधीच मागवून घेतलंय.