परांची चढल्यावर कळणारं काम

आमची सुरुवात डोंबिवलीत, गच्चीवरच्या ब्रिकबॅट कोब्यापासून, म्हणजे गळती रोखणाऱ्या विटांच्या तुकड्यांच्या थरापासून झाली. कोबा घालायचा, पाणी साठवून बघायचं, गळती थांबली की बिल. हिशेब सरळ. पुढे सोसायट्यांच्या पूर्ण दुरुस्तीची कामं घ्यायला लागलो आणि गणितच बदललं, कारण इथे काम नेमकं किती आहे हे सुरुवातीला कोणालाच माहीत नसतं.

३० वर्षांवरच्या इमारतीला सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी लागते. पण ऑडिटवाल्यांना गच्ची, जिना, गॅलरीतून दिसतं तेवढंच दिसतं. पाचव्या मजल्याच्या छज्ज्याखाली हातोडी मारायला परांचीच हवी. भद्द वाजलं की प्लास्टर सुटलंय समजायचं. पाडलं की आत गंजून फुगलेली सळई. टेंडरमधले चौरस फूट तिथेच मोडीत निघतात.

काम वाढणारच. दुखणं वेगळंच असतं: वाढीव कामाला ‘हो’ कोणी म्हणायचं हे ठरलेलं नसतं. सेक्रेटरी तोंडी ‘करून टाका’ म्हणतात, खजिनदार बिल अडवतात. मग विशेष सर्वसाधारण सभा, तिला ५ पूर्ण दिवसांची नोटीस. तोवर परांचीचं भाडं चालू आणि गवंडी दुसऱ्या साइटवर. गेलेला गवंडी फोन उचलत नाही!

म्हणून आमच्याकडे परांची चढली की आधी मोजणी, मग फोडाफोडी. सोसायटीचे कन्सल्टंट, कमिटीतला एक सभासद आणि आमचा सुपरवायझर, तिघं मिळून. पोकळ जागेला खडूची चौकट, टेप लावून फोटो, वहीत तिघांच्या सह्या. ठरलेल्या मर्यादेपर्यंतची वाढ कमिटी लेखी मंजूर करते. त्यापुढचा आकडा सभेपुढे एकदाच जातो. हे सगळं करारातच असतं. शेवटची मोजणीही परांची उतरवण्याआधीच, कारण नंतर टेप लावायला तिथे चढणार कोण?

वेळापत्रक आम्ही जूनपासून उलटं मांडतो. नव्या प्लास्टरवर निदान ७ दिवस पाणी मारायचं, मग ते नीट वाळू द्यायचं. ओलसर भिंतीवर रंग दिला की पापुद्रे सुटलेच. मोठ्या इमारतीची वर्क ऑर्डर मार्चमध्ये हातात आली तर पावसाआधी संपवू असं आम्ही लिहून देत नाही. त्यापायी टेंडरं हातची जातात. जाऊ देत.

सिमेंट-सळईपेक्षा जास्त खोळंबा करतात त्या ग्रिलमधल्या कुंड्या आणि बाहेर टांगलेले एसी. त्यासाठी मजल्यामजल्यावर तारखांसकट कागद लावतो. कुंड्या हलतात. एसी काढणारा माणूस मात्र रहिवाशांच्या सोयीने रविवारीच येतो, आणि रविवारी सोसायटीत तोडफोड बंद. त्या दिवशी आमचा सुपरवायझर साइटवर थांबतो, सुट्टी सोमवारी घेतो.